बाणाआधी वाक्य

मोरदरीच्या शाळेत कॉम्प्युटर आला तो दिवाळीनंतर, आणि आल्या दिवसापासून शाळेला त्याची धास्तीच वाटायला लागली. प्रयोगशाळेशेजारची अडगळीची खोली रिकामी करून, चुना मारून, खिडकीला बारीक जाळी ठोकून त्याला तिथे बसवलं. वर गुलाबी फुलांची चादर घातली. दाराबाहेर चपला काढायच्या, आत शिंकायचं नाही. किल्ली मुख्याध्यापक चौधरी सरांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात असायची. मुलांना तो दारातूनच दाखवत, तोही रांगेने.

रावेरकडे केळीचा मोठा व्यापार असलेल्या भिकमचंद शेठजींनी तो आपल्या आईच्या नावाने शाळेला दिला होता. खोलीवर 'धनकुंवर संगणक कक्ष' अशी पाटी लागायची होती. पाटीचा समारंभ गुढीपाडव्याला ठरला होता, आणि तोवर कॉम्प्युटर नवा कोरा राहावा एवढीच चौधरी सरांची इच्छा होती.

कमल देवरेला हे बघवत नव्हतं. ती धुळ्याकडची, सोनगीरची. इथे भूगोल आणि विज्ञान शिकवायची. दुसरं वर्ष चालू होतं, नेमणूक तात्पुरती होती. एका जागी बसणं तिला माहीतच नव्हतं. शिकवताना वर्गभर फिरायची, खडू हातातल्या हातात मोडायची, उत्तर यायला उशीर झाला की स्वतःच दोन पावलं पुढे यायची. नाताळच्या सुटीत जळगावला शिक्षकांचं कॉम्प्युटरचं प्रशिक्षण झालं, तेव्हा शाळेतून कोणीच नाव देईना म्हणून हिने दिलं. तिथून येताना तिने पिशवीत एक फ्लॉपी आणली आणि सरांच्या मागे लागली. आठवडाभर मागे लागून शेवटी किल्ली मिळवली.

त्या फ्लॉपीत एक साधा प्रोग्राम होता. पडद्यावर चौकट काढायची, तिच्यात शब्द लिहायचा, मग एका चौकटीपासून दुसरीपर्यंत बाण ओढायचा. चौकट उचलून दुसरीकडे नेली तर बाण सुटत नसे, दाव्याला बांधलेल्या वासरासारखा तिच्यामागे ओढला जाई. धड्यातली कुठलीही गोष्ट अशी जाळ्यासारखी मांडता येते, कशामुळे काय होतं ते नजरेसमोर दिसतं, असं जळगावच्या सरांनी सांगितलं होतं. कमलला ते फार आवडलं. तिच्या डोक्यात गोष्टी अशाच इकडून तिकडे धावत असायच्या. पहिल्यांदाच कोणीतरी त्या धावण्याला रस्ते आखून दिले होते.

तिने नववीचा वर्ग घेतला. विषय दिला 'आपल्या गावचं पाणी'. मुलं चपला काढून आत येऊन फरशीवर बसली आणि एकेक जण उठून पडद्यापुढे येऊ लागला. प्रोग्रामला मराठी येत नव्हतं, म्हणून मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायचे ठरले. विहीर लिहिताना एक आय की दोन ई यावर मुलांचं भांडण झालं. नाला, विहीर, ट्यूबवेल, केळी, ठिबक, हापसा अशा चौकटी वाढत गेल्या. बाण ओढायला तर सगळ्यांचेच हात शिवशिवत होते. माऊस हातात आला की जो तो इकडून तिकडे बाण मारत सुटायचा. तेव्हा कमलने एक नियम केला.

"बाण ओढायच्या आधी वाक्य म्हणायचं. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू येईल असं. वाक्य नाही तर बाण नाही."

वर्ग जरा दमाने चालू लागला. नाल्याला बांध घातला म्हणून विहिरीला पाणी वाढलं, बाण. केळीला पाणी जास्त लागतं म्हणून ट्यूबवेली वाढल्या, बाण. मग रत्ना भंगाळे उठली. अभ्यासात मधली, बोलायला कमी. तिने आधी एक चौकट काढली आणि तिच्यात लिहिलं 'शेठजींची नवी ट्यूबवेल'. दुसरीत लिहिलं 'आमची विहीर'. माऊस धरून ती वर्गाकडे वळली.

"शेठजींच्या ट्यूबवेलमुळे आमची इहीर आटली."

आणि तिने बाण ओढला.

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. शेठजींनी रावेरच्या रस्त्याला बारा एकर घेतले होते, तिथे मागच्या वर्षी खोल ट्यूबवेल मारली होती, आणि भंगाळ्यांची विहीर त्याच बांधाला लागून होती. गावात हे ओट्याओट्यावर बोललं जात होतं. पण त्याच शेठजींच्या कॉम्प्युटरवर ते लिहिलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

कमलने मान हलवली. "ठीक. पुढचं कोण?"

तेवढ्यात घंटा झाली म्हणून बरं झालं, असं तिला नंतर वाटलं.

दुसऱ्या दिवशी चौधरी सर खोलीत आले. चादरीची घडी नीट पडते का ते बघायला आले होते, पण पडदा चालू होता आणि त्यांनी तो वाचला. बराच वेळ वाचला. मग चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"मॅडम, जाळं चांगलं आहे. मुलांनी केलं म्हणजे कौतुकच आहे. तेवढा तो एक बाण काढून टाका."

"सर, मुलीने वर्गात म्हटलेलं वाक्य आहे ते."

"म्हणू द्या की. घरात म्हणू द्या, बांधावर म्हणू द्या. पाडव्याला शेठजी येणार, पहिल्यांदा पडदा बघणार, आणि पडद्यावर काय? त्यांचंच नाव, आणि त्याच्या पुढे आरोप." सर दारापर्यंत गेले आणि तिथून वळून बोलले, आवाज न चढवता. "तुमची कायम होण्याची फाइल याच महिन्यात संस्थेकडे जायची आहे. मी काही म्हणत नाही. तुम्ही समजदार आहात."

त्या दुपारी शाळा सुटल्यावर कमल खोलीत एकटी बसली. बाणावर टिचकी मारली, कळ दाबली. बाण गेला. फळ्यावरचं पुसलं तर निदान खडूची धूळ उडते, पुसट रेघ राहते. इथे काहीच राहिलं नाही. जणू रत्ना उठलीच नव्हती. तिने दुसरी कळ दाबून बाण परत आणला. पुन्हा घालवला. पुन्हा आणला. शेवटी तसाच ठेवून कॉम्प्युटर बंद केला, चादर टाकली आणि किल्ली द्यायला गेली, तर पायात चपला घालायच्याच विसरली.

होळीला ती सोनगीरला गेली. घरात पुरणाचा वास, बाहेर पोरांची आरडाओरड, आणि ही अंगणातून ओसरीत, ओसरीतून अंगणात. पोळी तव्यावर करपली तेव्हा तिची आई सुंदरबाई तिच्या हातातलं उलथनं काढून घेत म्हणाली, "तुनं ध्यान कथं शे, कमल? आल्यापासून पाहत आहे, तू घरात नाहीसच."

कमलने तिला सगळं सांगितलं. बाण, शेठजी, फाइल. आईने ऐकलं आणि पोळी उलटत विचारलं, "मग ती पोर सांगते ते खरं शे का?"

इतके दिवस कमल ठेवायचं की पुसायचं एवढ्याच दोन टोकांत फिरत होती. खरं आहे का, हे तिने रत्नाला विचारलंच नव्हतं. बाणाआधी वाक्य मागितलं, पण ते वाक्य कुठून आलं हे कुठे मागितलं? पडद्यावर बाण असा सरळ, टोकदार उमटला की तो खराच वाटायला लागतो. हाताने काढलेला वाकडा बाण निदान संशय तरी घेऊ देतो. ही गोष्ट मनात आली आणि तिला आधीपेक्षा जास्तच अस्वस्थ वाटायला लागलं. धुळवडीच्याच दिवशी ती परत निघाली. आईने थांबवून पाहिलं, पण ती थांबली नाही.

वर्गात तिने रत्नाला विचारलं, "तुला कसं कळलं गं, शेठजींच्या ट्यूबवेलमुळेच?"

रत्ना गोंधळली. "बाबा म्हणतात."

"आणि बाबांना कसं कळलं?"

"सगळेच म्हणतात, मॅडम."

"मग आपण बघू."

सकाळची शाळा सुरू झाली होती, आणि तो आठवडा शेतीला दिवसाची लाइट होती. शाळा भरायच्या आधी आणि सुटल्यावर, अशी दोनदा कमल नववीची मुलं घेऊन शिवारात निघायची. एक लांब दोर, त्याला गाठी मारलेल्या, टोकाला दगड. सकाळी मोटार सुरू व्हायच्या आधी विहिरीत दोर सोडायचा, ओल कितव्या गाठीपर्यंत चढते ते बघायचं. मोटार चालल्यावर दुपारी परत. उन्हं तापलेली, केळीच्या बागांतून ओली गरम वाफ येत होती, मुलांचे सदरे पाठीला चिकटले होते. शेठजींचा रखवालदार आधी हटकायला आला, पण मुलं फक्त दोर सोडतात हे बघून त्यालाच मजा वाटली. मोटार कधी चालू करतो, कधी बंद, तो आपणहून ओरडून सांगू लागला.

रत्नाचं वाक्य खोटं नव्हतं. शेठजींची ट्यूबवेल चालली की भंगाळ्यांच्या विहिरीतलं पाणी खाली सरकत होतं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत पुरतं वर येत नव्हतं. रत्नाचा चेहरा उजळला. पण मुलांना आता चटक लागली होती. ती एका विहिरीवर थांबेनात. वरच्या अंगाला दुसऱ्या एका शेतकऱ्याची जुनी ट्यूबवेल होती. ती चालली तेव्हाही भंगाळ्यांचं पाणी उतरलं. मग कोणीतरी म्हणालं, खाली झुंबरबाईची विहीर बघू.

झुंबरबाई म्हणजे नाल्याच्या कडेला अर्धा एकर मिरची-वांगी लावून ती रावेरच्या बाजारात विकणारी म्हातारी. विहीर लहान, तळाशी काळी ओल. मुलांनी सकाळी दोर सोडला तेव्हा दगड पाण्यात बुडाला. दुपारी सोडला तेव्हा खडकावर खट्कन वाजला. मधल्या वेळात शेठजींची ट्यूबवेल बंद होती. चालू होती ती एकच मोटार, रत्नाच्या वडिलांची.

रत्ना दोर गुंडाळत राहिली, गुंडाळून झाल्यावर पुन्हा सोडून पुन्हा गुंडाळू लागली. कमलने तिच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे केला आणि मागे घेतला.

त्याच संध्याकाळी रत्नाचे वडील रुपचंद भंगाळे शाळेच्या फाटकाशी आले. कमल बाहेर पडतच होती. त्यांनी सायकल स्टँडवर लावली नाही, हातातच धरून उभे राहिले.

"मॅडम, तुम्ही बाहेरगावच्या, म्हणून बोलत नव्हतो. पण हे काय लावलं? माह्या पोरीले माह्याच इहिरीवर दोर टाकाले शिकवता?"

"भाऊ, सगळ्यांच्याच विहिरीवर टाकला. शेठजींच्याही..."

"शेठचं सोडा. शेठच्यानं आमचं पानी गेलं ते खरंच हाये. पन म्हातारीचं पानी मी पेलो, असं माही पोर मले जेवताना इचारते. मी काय सांगू तिले? केळी वाळू देऊ?"

रुपचंद उत्तरासाठी थांबले नाहीत. ते सायकल ढकलत निघून गेले, आणि ती फाटकाला धरून कितीतरी वेळ उभी राहिली. आपण काय उकरून ठेवलं? बाण पुसला असता तर फार तर एका मुलीला वाईट वाटलं असतं. आता एका घरात जेवताना भांडण होतं.

दुसऱ्या दिवशी जाळं पुरं करायचं होतं. रत्ना येणार नाही असं कमलला वाटलं, पण ती आली. तिची पाळी आली तेव्हा उठली, पडद्यापुढे बसली आणि माऊसवर हात ठेवून नुसतीच बसली. मुलं चुळबुळली. कमल म्हणाली, "नको असेल तर दुसरं कोणी काढेल."

"नको," रत्ना म्हणाली. तिने वर्गाकडे न वळता, पडद्याकडेच बघत वाक्य म्हटलं. "आमची मोटार चालली की झुंबरआजीच्या इहिरीत पाणी राहत नाही." आवाज इतका खाली होता की मागच्यांना ऐकू गेलं नसावं. कमलने तिला पुन्हा म्हणायला लावलं नाही. रत्नाने बाण ओढला, तो पहिल्या वेळी भलत्याच चौकटीला जाऊन लागला, म्हणून पुसून परत ओढला, आणि जागेवर जाऊन वहीत डोकं घालून बसली.

चौधरी सरांना कमलने स्वतःहून जाऊन सांगितलं. "सर, तो बाण तसाच आहे. आता आणखीही आहेत." सरांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, "पडदा बंद ठेवा पाडव्याला. मी पाटीचा पडदा उघडतो, नारळ फोडतो, चहा देतो. कॉम्प्युटर नंतर कधीतरी बघतील." कमल हो म्हणाली. तिला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

पण पाडव्याला पाटी उघडून झाली, टाळ्या झाल्या, आणि भिकमचंद शेठजी चपला काढून सरळ आत आले. पांढरा सदरा, पांढरं धोतर, कपाळावर घामाचे थेंब. खुर्चीत बसून म्हणाले, "चालू तो करो. माझ्या आईच्या नावाचा आहे, बघू तरी द्या."

सरांनी कमलकडे पाहिलं. कमलने कॉम्प्युटर चालू केला. फ्लॉपी खाचेत जाईना. मग जाळं पडद्यावर आलं. शेठजी पुढे वाकले आणि इंग्रजी अक्षरांतलं मराठी एकेक करून ओठ हलवत वाचू लागले.

"ही ट्यूबवेल माझी?"

"हो."

"आणि माझ्यापासून बाण भंगाळेकडे."

"मुलांनी दोर सोडून मोजलंय, शेठजी," कमल म्हणाली.

शेठजींचं बोट पडद्यावरून पुढे सरकलं. वरची ट्यूबवेल, भंगाळ्यांची मोटार, झुंबरबाई. ते मागे टेकून बसले. शेठजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

"गावात माझं एकट्याचं नाव घेतात," ते म्हणाले. "चार वेळा कानावर आलं. हे पहिल्यांदा कोणी पूर्ण काढलं. मॅडम, मला हे मोठ्या कागदावर पाहिजे. ग्रामपंचायतीत लावतो. सगळ्यांना दिसू द्या."

"आणि तुमची ट्यूबवेल?" हे कमलच्या तोंडून निघून गेलं.

"ती चालणार. केळी उभी आहेत, मॅडम. मी साधू नाही." ते उठले, आईच्या नावाच्या पाटीला वाकून हात लावला आणि चहाला गेले.

सरांनी सुटकेचा श्वास टाकला. कमलला मात्र तेवढंही जमलं नाही. शेठजींनी जाळं जपलं ते त्यात त्यांच्यासारखे दुसरेही सापडले म्हणून. मुलांनी उन्हात दोर सोडले ते काय यासाठी? तरी नाही म्हणायचं कुठल्या तोंडाने? जे खरं निघालं तेच तर ते मागत होते.

मुलांनी ड्रॉइंग शीट चिकटवून जाळं उतरवलं, या वेळी देवनागरीत. ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागलं आणि गावात आठवडाभर तोंडातोंडी झाली. कोणी म्हणालं मास्तरणीला गावाचं काय पडलंय, कोणी म्हणालं आमची विहीर का नाही काढली. वरच्या ट्यूबवेलवाल्याने आपली चौकट पेनाने गिरगटून टाकली. मुलांनी शेजारी ती परत काढली. शेठजींची मोटार चालतच राहिली. रुपचंद भंगाळ्यांनी कोणाशी काही बोलणं केलं नाही, पण झुंबरबाई सांगू लागली की हल्ली त्यांची मोटार उन्हं वर आल्यावर सुरू होते, तोवर तिची मिरची भिजून होते. रत्नाला विचारलं तर ती म्हणाली, "बाबा म्हणतात, सकाळी लाइट कमी दाबाची असते." आणि दुसरीकडे बघायला लागली.

कमलची फाइल संस्थेकडे गेली. उन्हाळी सुटी लागायच्या आधी चौधरी सरांनी तिला बोलावून सांगितलं की आणखी एक वर्ष तात्पुरती, नंतर बघू. "वाईट नाही," सर म्हणाले. "मी तुमच्याबद्दल चांगलंच लिहिलं होतं." ते खरं असावं. कमलला राग आला नाही, आनंदही झाला नाही. पुढचं वर्षही असंच अधांतरी काढायचं, एवढं तिला कळलं.

सोनगीरला जायच्या दिवशी बसला वेळ होता म्हणून ती ग्रामपंचायतीत गेली. झुंबरबाई भिंतीपुढे उभी होती, डोक्यावर रिकामी टोपली. बाजाराहून आली होती.

"बाई, यात माही इहीर कोनती?"

कमलने चौकटीवर बोट ठेवलं. म्हातारीने जवळ जाऊन बघितलं, जणू आतलं पाणी दिसेल.

"आन् हे बान समदे फिरून माह्याकडेच तोंड करून काबरं?"

"सगळ्यांनी पाणी उपसलं की शेवटी तुमचं कमी होतं, आजी. म्हणून."

"ते मले ठावं हाये. त्याले कागद कशाले?" म्हातारी जराशी हसली. मग तिने टोपली खाली ठेवली आणि कागदावर आपल्या चौकटीभोवती बोट फिरवलं. "माह्यापासून कुठीच नही जात का बान?"

कमलने बघितलं. जात नव्हता. एवढे दिवस मुलांनी, तिने, शेठजींनी, सगळ्यांनी ते जाळं वाचलं होतं आणि कोणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं.

"नाही, आजी."

"बरं," म्हातारी म्हणाली. तिने टोपली उचलून डोक्यावर घेतली आणि पायऱ्या उतरून गेली. ते बरं कशाचं होतं, समाधानाचं की आणखी कशाचं, कमलला कळेना. बाहेर बसचा हॉर्न वाजला. ती धावत निघाली, आणि रावेर मागे पडून रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बागा पळायला लागल्या तरी ती सीटवर नीट टेकून बसली नव्हती.